गाळलेलं नाव

जानेवारीत आमच्या सासूबाईंनी एक नवीनच खूळ काढलं होतं. धुकं विरून ऊन अंगणात आलं की त्या कपाटातली एक जादा गोधडी काढायच्या, गुडघे धरत धरत कुंपणाच्या गडग्यापर्यंत जायच्या आणि जांभ्याच्या तापलेल्या दगडांवर ती पसरून ठेवायच्या. संध्याकाळी घडी करून परत कपाटात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात आम्ही दोघीच. निलेश, म्हणजे माझा नवरा, बोटीवर. त्याला जाऊन सात महिने झाले होते. दोघींच्या दोन गोधड्या अंथरुणात असताना ही तिसरी कोणासाठी शेकायची?

"आई, ती गोधडी वापरतं कोण?" मी एकदा विचारलंच.

"कुबट वास येतो गो," त्या म्हणाल्या आणि गोधडीचं टोक सरळ करत बसल्या.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे अख्ख्या गावात, भाट्यात, माहीत आहे. एरवी मी तिथल्या तिथे दोन शब्द ऐकवले असते. पण त्या दिवसांत सासूबाईंच्या डोळ्याला डोळा भिडवायची मला लाज वाटत होती. त्यांच्यापासून मी एक गोष्ट लपवली होती.

माझ्या नणंदेचा, सानिकाचा, फोनवर मेसेज आला होता. सहा वर्षांत पहिला. "वहिनी, गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. नालासोपाऱ्याच्या खोलीवर बघायला कोणी नाही. महिनाभर घरी येऊ का? दादाला नाही, आधी तुलाच विचारते आहे." बस्स, एवढंच. माफीचा एक शब्द नाही.

सहा वर्षांपूर्वी हंगामाच्या सणाला, नव्या पिकाच्या अर्पणाला, ती घरी आली होती. त्याच सुमारास डॉक्टरांनी आईंच्या साखरेसाठी त्यांचा भात निम्मा केला होता, आणि तो निम्मा भात वाढण्याचं पाप माझ्या वाट्याला आलं होतं. सानिकाने दोन दिवस ते बघितलं. रविवारी उपासना संपल्यावर आमच्या चर्चच्या, म्हणजे देवळाच्या, आवारात सगळी मंडळी चहा घेत उभी असताना ती मोठ्याने म्हणाली, "माझ्या आईला ही उपाशी ठेवते." पाळकसाहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. मी तोंड उघडलं असतं तर मला रडू आलं असतं. त्या संध्याकाळी ती मुंबईची गाडी पकडून गेली, आणि मी तिचं नाव मनात घट्ट बांधून टाकलं.

तरी एक गोष्ट मी सोडली नव्हती. आमच्या घरात रोज दिवेलागणीला प्रार्थना होते. आई गीत म्हणतात, मी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचते, आणि शेवटी घराबाहेर असलेल्यांची नावं घेऊन त्यांना देवाच्या हाती सोपवायचं. ही सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत. नावं घ्यायचं काम माझं. निलेशचं नाव, आत्येसासूबाईंचं नाव, आणि शेवटी दात आवळून का होईना, सानिकाचं. मेसेज आला त्या संध्याकाळपासून मात्र ते नाव माझ्या तोंडून निघेना. देवाकडे तिला सोपवायचं आणि खिशातल्या फोनमध्ये तिला अडवून धरायचं, हे एकाच वेळी मला जमेना. मी निलेशचं नाव घ्यायची, आत्यांचं घ्यायची आणि घाईघाईने आमेन म्हणायची. आई डोळे मिटून असायच्या. त्यांना कळलं नसेल असं मी धरून चालले होते.

मी स्वस्थ बसले होते असं मात्र कोणी समजू नये. मी देवाकडे खूण मागत होते. एका सकाळी डोळे मिटून शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. बोट पडलं ते कुठल्याशा मंडपाच्या खांबांच्या मापांवर. इतके हात लांब, इतके हात रुंद. रविवारी ठरवलं की उपदेशात घराचा विषय निघाला तर तिला ये म्हणायचं. पाळकसाहेब बोलले ते आवारात दुचाक्या आडव्या लावण्याबद्दल. देवाला माझी थट्टा करायची असावी, असं मला वाटायला लागलं.

वास्तविक खुणांच्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. माझ्याकडे एक वही आहे. कधी काय मागितलं, देवाने ते कधी दिलं, सगळं तारखेनिशी. निलेशची बोट वादळातून निघाली तो दिवस, मे महिन्यात विहिरीला पाणी टिकलं ते साल. साक्षीच्या सभेत, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, मी उभी राहिले की मंडळी ऐकत राहतात. गेल्या नाताळाआधीच्या सभेतून परत येताना पुलावर आई रिक्षात म्हणाल्या होत्या, "देवानं काय काय केलं ते बेस सांगितलंस. पण तो हाय कसा, ते नाय बोललीस."

"म्हणजे काय?"

"निलेशनं तुला काय काय आणून दिलं ते शेजारची गंगुबाय पण सांगंल. तो रागावला की काय करतो, ते तुलाच ठावूक."

मला ते लागलं. इतकी वर्षं वही भरतेय, आणि ह्या म्हणतात मला तो ठाऊक नाही! त्या रात्री मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आता वाटतं, बोलले असते तर बरं झालं असतं.

मेसेजच्या अकराव्या दिवशी सकाळी आई म्हणाल्या, "मुळे खावेसे वाटतायत गो." घराबाहेर पडायला निमित्त मिळालं, म्हणून मला बरंच वाटलं. आमच्या घरामागे खाडी आहे. ओहोटीला मधोमध वाळूचं बेट वर येतं, आणि त्या वाळूत हात घातला की मुळे सापडतात, जाड शिंपल्यांचे. आईंनी चाळीस वर्षं ते काढले. गुडघे गेल्यावर काम माझ्याकडे आलं.

त्यांनी मला शिकवलं ते मुळे काढायला नव्हे, ते कोणीही शिकेल. त्यांनी पाणी शिकवलं. पहिल्या वर्षी त्या मला नुसत्या पाण्यात उभ्या करायच्या. "हलू नको. पायाला काय लागतंय ते बघ." समुद्राचं पाणी कोमट, नदीचं गार. भरती समुद्राकडून येते, ओहोटी नदीकडून. वाळूवरच्या वळ्यासुद्धा पाण्याच्या येण्याजाण्यानेच उठतात. मला हे सगळं वेळकाढूपणाचं वाटायचं. वेळ काढायला सोपं गणित होतंच की. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी.

आमच्या घरात कॅलेंडर आहे ते मंडळीचं. त्यात रविवार आहेत, उपवासकाळ आहे, तिथी नाही. तिथीसाठी मी शेजारच्या गंगुबाईंकडे जायची, त्यांची संकष्टी कधी चुकत नाही. पण गंगुबाई दारात पाय ठेवताच विचारायच्या, "सानिका कशी हाय?" त्या दिवशी तो प्रश्न मला नको होता. म्हणून पौर्णिमेपासून बोटांवर मोजलं. तृतीया. सव्वादोनला भरती, म्हणजे सव्वाआठला पूर्ण ओहोटी. पावणेआठला उतरायचं, साडेआठपर्यंत टोपली भरायची आणि परत यायचं.

"खाडीच्या पायरीवरचं पाणी बघून जा," आई ओट्यावरून म्हणाल्या.

"मोजलंय मी," असं म्हणत मी गाऊन खोचला, टोपली आणि खुरपं घेतलं आणि निघाले.

खाडीवर धुकं होतं. भाट्याचा पूल नव्हता, पलीकडचं राजिवडं नव्हतं, माडांचे नुसते बुंधे होते आणि त्यांच्यावर काही नव्हतं. मी गुडघाभर पाण्यातून बेटावर गेले आणि वाकले. हाताखाली वाळू गार होती. एक मुळा, दुसरा, तिसरा. थोड्या वेळाने मी कुठे आहे याचाही विसर पडला. पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज यायचा, पण कधी समोरून, कधी मागून. कुठेतरी बगळा उडाला तो ऐकू आला, दिसला नाही. त्या पांढऱ्या शांततेत मला फार दिवसांनी बरं वाटलं. तिथे फोन नव्हता, गोधडी नव्हती, माझ्याकडे बघणारं कोणी नव्हतं. सकाळ आहे की दुपार तेही कळत नव्हतं. मी लहान असताना तापात असं पडून राहायची आणि भिंती लांब लांब जायच्या, ते मला आठवलं. मनात सानिका आली. लग्न होऊन आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ह्याच बेटावर आम्ही दोघी भिजलो होतो, आणि घरी जाताना तिने माझ्या पाठीवर ओल्या वाळूने माझं नाव लिहिलं होतं. इतकी वर्षं मला हे आठवलं नव्हतं.

मग टोपली आपोआप हलली.

मी खाली बघितलं. टोपली पाण्यात होती. माझे घोटे पाण्यात होते. बेटाचा जो भाग मघाशी कोरडा होता तो दिसत नव्हता. पाणी चढत होतं, आणि माझ्या हिशेबाने तर अजून ते उतरायला हवं होतं. टोपली डोक्यावर घेतली आणि जिकडून आले असं वाटलं तिकडे चार पावलं टाकली. पाणी मांडीला लागलं. मागे फिरले, तरी मांडीलाच. सगळीकडे सारखंच पांढरं. आता घर कुठल्या बाजूला आहे हे मला सांगता येईना.

"देवा, खूण दे," मी मोठ्याने म्हणाले. "अकरा दिवस मागतेय. निदान आज तरी दे. कुठून तरी हाक येऊ दे."

काही आलं नाही. धुकं होतं तसं राहिलं. मला त्याचा इतका राग आला की मी रडायला लागले. आणि रडताना माणूस हलत नाही, तशी मी उभी राहिले. त्यामुळे पाणी माझ्याभोवती निवांत झालं, आणि कोमट काहीतरी माझ्या पोटरीला हळूच ढकलू लागलं.

हलू नको. पायाला काय लागतंय ते बघ.

कोमट म्हणजे समुद्र. समुद्र पश्चिमेला. आमचं घर दक्षिणेच्या काठावर. म्हणजे येणारं पाणी उजव्या पोटरीला लागत राहील असं चालायचं. बस्स. एवढं मला ठाऊक होतं. कितीतरी वर्षं ठाऊक होतं. मी वळले, पाणी उजवीकडे घेतलं आणि चालू लागले. कंबरेपर्यंत पाणी आलं तेव्हा खुरपं हातातून सुटलं. मी थांबले, पुन्हा पाय स्थिर केले, पुन्हा ती कोमट ढकल शोधली, पुन्हा चालले.

आणि त्या पाण्यात माझ्या मनात एक चटई आली.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी माझं सहा महिन्यांचं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर वर्षभर मी प्रार्थनेला बसले नाही. बाहेर गीत सुरू झालं की मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची, देवाला ऐकू जावं म्हणून. मी त्याला नाही नाही ते बोलले. आकाश कोसळलं नाही. मला काही शिक्षा झाली नाही. कोणी समजवायला आलं नाही. फक्त बाहेरच्या खोलीत रोज संध्याकाळी माझी चटई अंथरलेली असायची, रिकामी. तीनशे-चारशे संध्याकाळी. एक दिवस मी हात पुसत आले आणि तिच्यावर बसले. आईंनी गीतांचं पुस्तक उघडून माझ्या पुढ्यात सरकवलं आणि पुढचं कडवं धरलं. माफी माग असं कोणी म्हणालं नाही. मी तरी कुठे मागितली होती?

हे माझ्या वहीत नव्हतं. कारण मी काही मागितलं नव्हतं आणि त्याने काही दिलं नव्हतं. तो फक्त माझी जागा राखून थांबला होता. तो असाच आहे, मला वाटलं. तो असाच आहे, आणि मला हे ठाऊक आहे, दुसऱ्या कोणाकडून ऐकून नव्हे, माझं मला. मग अकरा दिवस मी त्याला कशाची खूण मागत होते? सानिकाला काय उत्तर द्यायचं हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. मला ते द्यायचं नव्हतं. खूण मागत राहिलं की द्यावं लागत नाही, एवढीच त्यातली सोय. भर पाण्यात मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी फार हलकं वाटलं. तो माझ्या शेजारून चालत असावा इतका जवळ वाटला. बोलत नव्हता, पण होता.

पाणी मांडीवर उतरलं. मग गुडघ्यावर. समोर धुक्यात काहीतरी उभं होतं. खुंट असेल असं वाटलं. त्या खुंटाने पदर सावरला.

आई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. ज्या बाईला पायरी उतरायला माझा हात लागतो ती बाई. त्यांचे ओठ निळे पडले होते.

"हाक का नाही मारलीत?" मी ओरडले. "कधीपासून उभ्या आहात? मी तिकडे मरत होते!"

"धुक्यात हाक भलतीकडूनच ऐकू येते," त्या म्हणाल्या. "तू फसली असतीस. पाण्याची रीत तुला ठावूक हाय. येशील, ठावूक व्हतं."

मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही एकमेकींना ओढत वर आलो. कुंपणापाशी गंगुबाई उभ्या होत्या. "अगो, ह्या वक्ताला खाडीत?" त्या म्हणाल्या. "काल बीज, आज पण बीज. ह्या खेपेला दोन दिवस आलीय ना!" मी कपाळावर हात मारला. म्हणजे आज तृतीया नव्हतीच, साडेसातलाच ओहोटी संपून भरती लागली होती. बोटांवर मोजणाऱ्याला बीज दोनदा येते हे कसं कळावं?

घरात आले तेव्हा मला हुडहुडी भरली होती. आईंनी कपडे बदलले, मला बदलायला लावले आणि माझी गोधडी आणून खांद्यावर टाकली. ती रात्रीच्या दवाने सर्द झाली होती. कपाटात कालची उन्हात तापवलेली गोधडी घडी घातलेली दिसत होती.

"ती द्या ना, कोरडी आहे," मी दात वाजवत म्हणाले.

"ती नको," आई म्हणाल्या. "ती सानिकाची हाय."

मी खांद्यावरची गोधडी घट्ट धरून विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच."

"मी?"

"सहा वर्षं तू तिच्यावर जळतंस, पण रोज तिचं नाव घेतंस. एक दिवस गाळलंस. मी म्हटलं, तिचं काहीतरी आलंय, आणि ते हिच्या पोटात हाय." त्या चुलीपाशी बसल्या आणि चहाचं आधण ठेवलं. "ती काय, तिला बरं नसल्याबिगर विचारायची नाय. बरं नसलं तर येणार. आली तर थंडी हाय."

"मग विचारलं का नाही मला? अकरा दिवस, आई!"

"तू सांगणार व्हतीस," त्या म्हणाल्या. "ठावूक व्हतं."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोट भरून रडले. त्यांनी माझ्या ओल्या केसांतली वाळू एकेक कण करून काढली. मेसेज मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा ऑपरेशनच्या शब्दाशी त्यांचा हात थांबला, डोळ्यांना पदर लागला, आणि मग तो हात परत चालू झाला. चहा उतू गेला तरी आम्ही उठलो नाही.

बाहेर धुकं फाटत होतं. अंगणात ऊन आलं होतं. आई उठायला लागल्या तेव्हा मी त्यांना बसवलं, कपाटातली गोधडी काढली आणि स्वतः गडग्यावर नेऊन पसरली. तिचं टोक सरळ केलं. मग तिथेच उभी राहून फोन काढला आणि लिहिलं, "ये. हातखंब्याला उतर, मी घ्यायला येते."

दोन मिनिटांत उत्तर आलं, म्हणजे ती अकरा दिवस फोन हातात धरूनच बसली असावी. "वहिनी, खरंच? मी तुला असं बोलले होते तरी? आणि आईला सांगितलंस? काय म्हणाली ती?"

पहिल्या प्रश्नांना मी उत्तर दिलं नाही. फक्त लिहिलं, "आई गेले दहा दिवस तुझी गोधडी रोज उन्हात टाकते आहे."

मग फोन खिशात टाकला आणि मुळे धुवायला घेतले.